घट्टे नसलेला हात

साल १९८७. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून दोन गावं एकमेकांवर दगड मारतात, ती गोटमार नुकतीच होऊन गेली होती आणि पांढुर्ण्यात दर चौथ्या माणसाच्या डोक्याला पट्टी होती. त्याच आठवड्यात, नागपूरला भाजी टाकून रिकाम्या परतणाऱ्या एका ट्रकमधून मी या गावात उतरले.

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ गेमची पेटी आहे. तुमच्या हातातल्या मोबाइलची मी थोरली बहीण. अंगाने जाड, डोक्याने साधी. नागपुरात एका सुताराने प्लायवूड कापून मला उभं केलं. छातीत टीव्हीचा पडदा बसवला. त्याखाली डाव्या हाताला काळ्या गोळ्याचा एक दांडा आणि उजव्या हाताला दोन लाल बटणं लावली. शिक्का टाकला की माझ्या पडद्यावर एक इवलंसं विमान यायचं आणि वरून दगड कोसळायचे. दगड चुकवायचे, जमले तर फोडायचे. तीनदा दगड लागला की खेळ संपला. मला बनवणाऱ्यांनी याला इंग्रजी नाव दिलं होतं. पांढुर्ण्याच्या पोरांनी ते पहिल्याच दिवशी बदलून टाकलं. ती म्हणाली, "हे तं गोटमारच हाय बे!"

मला विकत आणलं ते गजाननने. स्टेशनच्या रस्त्यावर त्याचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. मागे घर, पुढे दुकान. त्याची आई लीलाबाई दिवसभर दुकानाच्या दारात बसून तूर निवडायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची खबर घ्यायची. मी आले त्या दिवशी तिने मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि मग माझ्याकडे बघत म्हणाली, "काय बाई, बोलत नाही, चालत नाही, अन् पोट्ट्यायले उभं करून ठेवते. आमच्या घरी अशी सून पायजे होती."

गजानन लाजला. पोरं हसली. माझे ते दिवस फार सुखाचे होते. बाजाराच्या दिवशी खेड्यांतून आलेली म्हातारी माणसंसुद्धा आत डोकावून जायची. डोक्याला पट्ट्या बांधलेली पोरं माझ्यासमोर गर्दी करायची आणि एकमेकांना सांगायची, "नदीवर एक नाही चुकवता आला, इथं तरी चुकव!"

त्या गर्दीतली दोन पोरं मला आजही जशीच्या तशी आठवतात. दोघंही एकाच शाळेत, दहावीच्या एकाच वर्गात होते.

एक सुखदेव. जाम नदीपलीकडच्या सावरगावचा. वडील नत्थूजी शेतकरी. सुखदेव खेळायचा तो आरडाओरडा करत. दगड लागला की कपाळावर हात मारून घ्यायचा, जिंकला की शेजारच्याच्या पाठीत धपाटा घालायचा. माझ्यावर सगळ्यात मोठा आकडा त्याचाच होता. सुट्टीच्या दिवशी तर तो माझ्यापुढून हलायचाच नाही. पण बाहेरून कोणी हाक मारली, "ए डेबऱ्या, बाप बोलावते!" की खेळ अर्धा टाकून, दांडा दुसऱ्याच्या हाती देऊन पळायचा. तो जन्माचा डावखुरा होता, म्हणून सवंगडी त्याला डेबऱ्या म्हणायचे.

दुसरा मुकुंद. वर्गाचा मॉनिटर, दरवर्षी पहिला येणारा. वडील सरकारी नोकरीत, बदलीच्या गावी असायचे. घरी तो आणि त्याची आई सुधाबाई. मुकुंद मधल्या सुट्टीत यायचा, एकच डाव खेळायचा आणि जायचा. कोणाला वाटावं, किती समजूतदार पोरगा! मलाही तसंच वाटलं होतं. मग एकदा भर खेळात वीज गेली. सगळी पोरं ओरडत रस्त्यावर पळाली. मुकुंद तिथेच राहिला. माझा पडदा काळा झाला होता आणि हा माझा दांडा धरून त्या काळ्या पडद्याकडे पाहत होता. डोळ्यांची पापणी लवत नव्हती. मी पेटी आहे, मला घाम येत नाही. पण त्या दिवशी मी हादरले. हा पोरगा जिंकला तरी हसत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा उमगलं.

पुढे मी बघत गेले. तो आपला डबा दुकानामागच्या शेळीपुढे रिकामा करायचा. पोरं कबड्डीला बोलावायची, तर नुसती मान हलवायचा. लीलाबाईने विचारलं, "काऊन रे, शाळेच्या टायमात?" की लगेच म्हणायचा, "सरांनी सायकलीत हवा भरायचा पंप मागितला, आजी." पंप न नेताच जायचा. पण एवढा हुशार, एवढा गरीब चेहऱ्याचा पोरगा खोटं बोलेल, हे त्या माउलीच्या मनातही आलं नाही.

दिवाळी झाली आणि शाळेत तिमाहीचे निकाल लागले. पुष्कळ पोरांचे मार्क घसरले होते. गावात एकच बोलणं सुरू झालं की हे त्या पेटीचं काम. शाळेचे मुख्याध्यापक घागरे सर कडक होते आणि मनाने सरळ होते. त्यांनी जाहीर केलं की ज्याला या पेटीचं व्यसन लागलं आहे त्याचं नाव शाळेतून कमी करणार, म्हणजे बाकीचे वाचतील. दहावीच्या पोराचं नाव कमी होणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. बोर्डाची परीक्षा बुडाली आणि बहुतेकांची शाळाच सुटली.

आता व्यसन कोणाला लागलं हे ओळखायचं कसं? सरांनी आधी विचारून पाहिलं. प्रत्येकाने सांगितलं, "मी तं खेळतच नाही जी." मग एका सकाळी सर पोरांची रांग घेऊन थेट दुकानात आले. सोबत सौंसरहून रोज बसने येणाऱ्या विज्ञानाच्या सुनंदाबाई होत्या. सरांनी माझा दांडा डाव्या हाताने धरला आणि पुष्कळ वेळ गरागरा फिरवला. मग तळवा उजेडात नेऊन पाहिला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या बेचक्यात कातडी लाल झाली होती.

"पाहा," सर म्हणाले, "घट्टा इथं पडतो. डाव्या हाताच्या बेचक्यात. पोरगं तोंडानं खोटं बोलते, हात खोटं बोलत नाही."

सुनंदाबाई हळूच म्हणाल्या, "सर, शेतातल्या पोरायच्या हाताले घट्टे राहतातच ना."

"राहतात. पण वखराचा घट्टा तळव्यावर येतो. गोफणीचा घट्टा बेचक्यात येतो, पण उजव्या हाताच्या. मी काय शेत पाहिलं नाही, बाई?"

खरं सांगते मित्रांनो, त्या क्षणी मलाही सरांचं कौतुक वाटलं. केवढा बारीक विचार! लीलाबाई मात्र दारातून बोललीच, "नदीवर डोस्कं फुटून घेते त्याले कोणी काही म्हणत नाही, अन् इथं उभं राहिलं तं हात पाहून राहिले!"

सरांनी तिकडे लक्ष दिलं नाही. मॉनिटर म्हणून मुकुंद पुढे झाला. तो एकेका पोराचं मनगट धरून हात सरांपुढे करायचा, सर बेचकं दाबून बघायचे आणि म्हणायचे, "जा." असं करत करत सुखदेवचा हात आला. डाव्या बेचक्यात हा जाड, पिवळा घट्टा.

सुखदेव म्हणाला, "गोफणीचा हाय जी. जवारीत पाखरं येऊन राहिले. सकाळ-संध्याकाळ मीच हाकलतो."

"डाव्या हाताला?"

सुखदेवची मान खाली.

"बोल ना. गोफण कोणत्या हातानं फिरवतोस?"

रांगेतून कोणीतरी कुजबुजलं, "सर, तो डेबरा..." पण सरांनी डोळे वटारताच आवाज विझला. आणि त्याचं मनगट धरून उभा असलेला मुकुंद? मुकुंद पाचवीपासून त्याच्या शेजारच्या टाटपट्टीवर बसलेला. सुखदेव कोणत्या हाताने गोट्या खेळतो, कोणत्या हाताने बोरं पाडतो, हे त्याला ठाऊक होतं. मी डोळे फाडून त्याच्याकडे बघत होते. आता बोलेल, मग बोलेल. तो बोलला नाही. त्याचा स्वतःचा हात कोणी पाहिलाही नाही. मॉनिटरचा हात कोण पाहणार?

दुसऱ्या दिवशी नत्थूजी दुकानापुढे आले. सर तिथे सायकल घ्यायला थांबले होते. नत्थूजींनी डोक्यावरचा दुपट्टा काढून हातात घेतला.

"सर, पोरगं डावं हाय जी माह्यं. लहानपणापासून. तो घट्टा गोफणीचाच हाय."

"नत्थूजी, लेकराला वाचवायला खोटं बोलू नका. माझ्या डोळ्यासमोर पाच वर्षं तो उजव्या हातानं लिहून राहिला. आणि या पेटीवर सर्वांत मोठा आकडा कोणाचा आहे, विचारा गजाननला."

गजाननला खोटं बोलता आलं नाही. "त्याचाच हाय," तो पुटपुटला.

मग नत्थूजी म्हणाले, "त्याच्या मायनं जामसावळीच्या मारुतीले नवस बोललं हाय, पोरगं मॅट्रिक झालं तं पायी येईन म्हणून. आता तिले काय सांगू जी?" सर सायकलवर बसून गेले.

त्याच संध्याकाळी सरांच्या सांगण्यावरून गजाननने माझ्या वायरीची पिन कापून टाकली आणि माझ्यावर पोतं घातलं. लीलाबाई म्हणाली, "जा बाई, झोप आता." मला वाईट वाटलं, पण मी म्हटलं, चला, गावात शांतता तरी होईल.

मी किती भोळी होते! मित्रांनो, मी बंद पडल्यावरच खरं काय ते दिसायला लागलं. पोतं विरलेलं होतं, त्याच्या भोकांतून मला सगळं दिसे. सुखदेव एकदा सायकलीचं पंक्चर काढायला आला, माझ्यावरच्या पोत्याला टपली मारून म्हणाला, "मेली का बुढी?" आणि शीळ घालत गेला. नाव कटल्याचं दुःख त्याच्या तोंडावर होतं, माझं दुःख काडीचंही नव्हतं. बाकीची पोरं दोनचार दिवस चुकचुकली आणि पतंगाच्या मागे लागली.

मुकुंद मात्र रोज येत होता. दुकानासमोरच्या बाभळीखाली उभा राहायचा आणि पोत्याकडे बघायचा. गाल बसले होते. बोटं आपोआप हलत असायची, जणू हातात दांडाच आहे.

एक दिवस मधल्या सुट्टीत गजानन माल आणायला गेला होता. लीलाबाई मागच्या अंगणात कपडे धूत होती. मुकुंद आत आला. त्याने माझ्यावरचं पोतं ओढून काढलं. पिन नव्हती. त्याने वायरीची टोकं दातांनी सोलली, बोर्डाच्या भोकांत घातली आणि निसटू नयेत म्हणून आगपेटीच्या काड्या खुपसायला लागला. बटण त्याने आधीच चालू केलं होतं. एवढा विज्ञानात पहिला येणारा पोरगा, बटण बंद करायचं विसरला! मी ओरडले असते. मला तोंड नाही.

पोराचा उजवा हात त्या तारेला चिकटला. तोंडातून आवाज निघेना. नुसता थडथड हलत होता आणि माझा पडदा उजळला होता. पडद्यावर ते इवलंसं विमान आलं होतं. ज्या विजेवर मी नाचत होते तीच त्याला खात होती.

लीलाबाई कशी आली मला कळलं नाही. तिच्या हातात कपडे बडवायची लाकडी मोगरी होती. तिने ती मुकुंदच्या हातावर अशी हाणली की तो तारेपासून सुटून सायकलींवर जाऊन पडला. मग तिने मोगरीनेच बटण बंद केलं आणि अशी किंकाळी फोडली की शाळेपर्यंत गेली.

घागरे सर आणि सुनंदाबाई धावत आले. समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी छाती तपासली, जळालेली बोटं बांधली आणि सांगितलं, "जीव वाचला. थोडा वेळ इथंच पडू द्या." मुकुंद बाकावर पडून होता. कोणीतरी सुधाबाईंना बोलावून आणलं. त्या दारातच खाली बसल्या.

सरांनी मुकुंदचा चांगला हात, डावा हात, उचलला आणि तळवा उघडला. अंगठ्याच्या बेचक्यात बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. गुलाबाच्या पाकळीसारखी मऊ कातडी होती.

"याच्या हाताला तर घट्टाच नाही," सर म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"एकच डाव खेळे ना जी तो," लीलाबाई रडत म्हणाली. "मी म्हणो, किती शहाणं लेकरू!"

सुनंदाबाईंनी सर्वांना मागे व्हायला सांगितलं. त्या मुकुंदच्या डोक्याशी बसल्या. त्यांनी किती खेळतोस, कधीपासून खेळतोस, यातलं काहीच विचारलं नाही.

"मुकुंद, पेटी बंद होती तेव्हा तुला कसं वाटे रे?"

तो म्हणाला, "झोप नाही लागे, बाई. पुस्तक उघडलं की त्यातही दगड पडताना दिसत."

"खेळताना मजा येते?"

"आधी येत होती. आता नाही येत."

"आणि कबड्डी का सोडली?"

"माहीत नाही. बोलावायचे. जावंसंच नाही वाटे."

"मजा नाही येत, मग इथं कायले येतोस?"

मुकुंदने वर पाहिलं. "इथं हरलं तरी पुन्हा चालू होते, बाई. कोणी जेवण सोडत नाही."

"कोण सोडते जेवण?"

तो आईकडे पाहायला लागला. "एखाद्या चाचणीत दुसरा नंबर आला तं आई जेवत नाही. दोन दोन दिवस. मारत नाही, रागवत नाही. नुसती जेवत नाही."

सुधाबाईंनी पदर तोंडात कोंबला. मी इतके महिने या पोराचा हात माझ्या दांड्यावर झेलला होता. तरी हे मला ठाऊक नव्हतं. मला कोणी ठोकून फोडलं असतं तरी एवढं लागलं नसतं.

मग मुकुंद स्वतःहूनच म्हणाला, "सर, सुखदेव डेबरा आहे. मला माहीत होतं. मी बोललो असतो तर तुम्ही माझ्याकडे पाहिलं असतं."

गजानन तोवर आला होता. सरांनी सायकल दाखवून त्याला सुखदेवला आणायला सांगितलं. तो तसाच नदीपलीकडे गेला आणि शेतातून सुखदेवला मागे बसवून घेऊन आला. पोराच्या गळ्यात गोफण तशीच लोंबत होती. काय झालं हे न कळून तो भेदरून उभा राहिला.

सुनंदाबाई म्हणाल्या, "सुखदेव, त्या बाभळीवरची पाखरं उडवून दाखव बरं."

त्याने एकदा सरांकडे पाहिलं. मग खडा उचलला, गोफणीत घातला, आणि त्याचा डावा हात डोक्यावर असा फिरला की वाऱ्याचा आवाज आला. बाभळीवरचे थवेच्या थवे आकाशात उठले.

सर म्हणाले, "अरे, हे त्या दिवशी का नाही दाखवलंस?"

सुखदेव म्हणाला, "तुम्हीच तं मारलं होतं जी. पाचवीत. डाव्या हातानं लिवलं म्हणून. तुम्ही म्हणे, आता हा हात वर दिसला तं तोडून टाकीन."

सरांनी स्वतःचाच हात उलटा-सुलटा करून पाहिला.

"ही पेटी सोडून तुला काय आवडते रे?" सुनंदाबाईंनी सुखदेवलाही विचारलं.

"लय काही आवडते जी," तो म्हणाला. "पोहणं, तमाशा पाहणं, मायच्या हातचे वडे..." आणि तो आठवून आठवून सांगतच राहिला. शेवटी लीलाबाईला हसू फुटलं, "बस कर रे बापा, इथं लोक उपाशी हायेत!"

मित्रांनो, माझं तुमच्याकडे आणि तुमच्या घरच्यांकडे एवढंच मागणं आहे. कोणी खेळात अडकलं आहे का हे पाहायचं असेल, तर त्याच्या हातावरून किंवा घड्याळावरून ठरवू नका. जोरात ओरडणाऱ्या पोराकडेच बोट दाखवू नका. खेळ काढून घेतला की त्याचं काय होतं ते पाहा. त्याने काय काय सोडून दिलं ते पाहा. तो कशापासून पळून येतो ते विचारा, आणि विचारताना मागची माणसं थोडी दूर करा. आम्ही यंत्रं सांगू शकत नाही. तुम्ही विचारू शकता.

आता कोणाचं काय झालं ते सांगते.

घागरे सरांनी दुसऱ्याच दिवशी सुखदेवचं नाव परत घातलं आणि ते सांगायला स्वतः सावरगावला गेले. पुढे निवृत्त होईपर्यंत त्यांच्या शाळेत पोरं वाटेल त्या हाताने लिहीत होती. आता ते नाहीत. सुनंदाबाईंची रामाकोन्याला बदली झाली. त्या तिथेच स्थायिक झाल्या, आणि ऐकते की अजूनही लोक मोबाइलवाली पोरं घेऊन त्यांच्या अंगणात जातात. सुखदेव बोर्डात इंग्रजीत नापास झाला, पुढच्या वर्षी पास झाला. त्याची माय केसरबाई जामसावळीला पायी जाऊन आली. आज त्याची संत्र्याची बाग आहे आणि त्याला दोन नातवंडं आहेत. मुकुंद त्या वर्षी पहिला आला नाही, पहिल्या दहांतही आला नाही. तरी निकालाच्या दिवशी सुधाबाई जेवल्या, हे लीलाबाई सगळ्या रस्त्याला सांगत सुटली होती. मुकुंदची दोन बोटं पुरती मिटत नाहीत. तो सौंसरला बँकेत लागला.

गजाननने मला परत कधी लावलं नाही. माझा पडदा त्याने काढून टाकला, माझ्या पोटात आता सायकलीच्या जुन्या ट्यूब ठेवलेल्या असतात.

लीलाबाई गेली तेव्हा मुकुंद आला होता. केस पिकायला लागले होते. सगळे गेल्यावर तो दुकानात माझ्यासमोर उभा राहिला. गजाननही मागून आला.

"दांडा अजून फिरते हां," गजानन म्हणाला. "पाहाचा काय?"

मुकुंदने माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश मान हलवली. "नको भाऊ," तो म्हणाला. "चहा सांगा. भूक लागली."